नाणेघाटाची वाट



आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहतो. तिथून येऊरचा डोंगर जवळ आहे. शाळेची नोकरी संपल्यावर आम्हाला डोंगर चढायची गोडी लागली. पण आज येऊरचे सांगत नाही. आज एका फार जुन्या वाटेची माहिती सांगतो. त्या वाटेवर ओहळ आहेत, रानफुले आहेत आणि दगडात कोरलेली अक्षरेही आहेत. तुम्ही नुकतेच अक्षर शिकला आहात, म्हणून तुम्हाला ही माहिती आवडेल.

या वाटेचे नाव नाणेघाट. पायथ्याचे वैशाखरे गाव ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात आहे. घाट चढून गेले की पुणे जिल्ह्याचा जुन्नर तालुका लागतो. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस. टी.त बसावे आणि वैशाखऱ्याजवळ उतरावे. तिथून पुढे पायी चालायचे.

आता तुम्ही विचाराल, ही वाट केली कोणी? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इकडे सातवाहन राजांचे राज्य होते. पैठण ही त्यांची राजधानी. कल्याण हे तेव्हा मोठे बंदर होते. गलबतातून उतरलेला माल घाटावर न्यायचा, तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी! म्हणून कातळ फोडून ही वाट केली. माल या वाटेने जुन्नरला जाई, आणि तिथून पुढे पैठणकडे.

वाट आधी रानातून जाते. ओहळ ओलांडावा लागतो. भर पावसात त्याला एकाएकी लोंढा येतो, तेव्हा पाण्यात पाय घालू नये. पाऊस ओसरला, भादवा सरत आला, की मग जावं. त्या दिवसांत डोंगर फुललेला असतो. गुलाबी तेरडा दिसतो. कोकणात पुष्कळ घरी याच तेरड्याची गौर आणतात. पिवळी सोनकी दिसते. लाल-पिवळी कळलावी दिसते, पण तिचा कंद विषारी असतो, बरं का! मुलांना हात लावू देऊ नका. कारवी मात्र सात वर्षांतून एकदा फुलते. तिच्या काठ्यांचे कूड तुमच्यापैकी कोणाच्या तरी घराला असतीलच.

वर चढत गेले की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. पाण्याची टाकी लागतात. तहानलेल्या वाटसरूंची सोय त्या काळच्या लोकांनी दगडात करून ठेवली आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाटाची जकात त्यात टाकत, असं लोक सांगतात.

माथ्याच्या थोडे अलीकडे एक मोठी गुहा आहे. तिच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती नाहीत, काही ठिकाणी नुसती पावले उरली आहेत. पण मूर्तींच्या वर त्यांची नावे कोरली होती. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, राजा सातकर्णी ही नावे तिथे वाचता आली. मूर्तींचे चेहरे गेले, तरी माणसे कोण होती ते आपल्याला कळते. ते या अक्षरांमुळे!

बाजूच्या दोन भिंतींवर मोठा लेख आहे. त्याची लिपी ब्राह्मी. आपली बाळबोध लिपी तिच्याच वंशातली. पण मध्यंतरी ब्राह्मी वाचणारे कोणी उरले नाही. समोर अक्षरे असून माणसे निरक्षर! १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने या लिपीचा उलगडा केला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाच्या लेखाचा अभ्यास केला. राजाने यज्ञ केले आणि गाई, हत्ती, घोडे, गावे व नाणी दान दिली, असा त्यात हिशेब आहे. त्या हिशेबात आकडे आहेत. आपल्या देशातल्या फार जुन्या आकड्यांत ते मोडतात. त्यांत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभरला वेगळी. आज तुम्ही शून्य वापरून हजाराचा आकडा सहज लिहिता. त्या लेखकाला ती सोय नव्हती.

आता आमच्या मनातली गोष्ट सांगतो. त्या लेखात राजा आहे, राणी आहे, राजपुत्र आहेत. पण कातळ कोणी फोडला? टाकी कोणी खोदली? पाठीवर ओझे घेऊन हा घाट कोण चढले? त्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांच्या हाती छिन्नी होती, पण लेखात काय लिहायचे ते ठरवणारे दुसरेच होते.

तुमचे तसे होऊ नये. तुमच्या गावची विहीर कोणी खणली, बांध कोणी घातला, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती माणसे आहेत तोवर विचारा. साध्या वहीत नावे लिहा, साल लिहा. बायांची नावे विसरू नका. माती त्यांनीही वाहिली आहे. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जपून ठेवा.

मात्र लिहायचे ते कागदावर. काही लोक जुन्या लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने किंवा खिळ्याने आपले नाव ओरखडतात. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर त्याने एका घटकेत बिघडते. कायद्यानेही तो गुन्हा आहे. तुम्ही अक्षराची किंमत जाणता. कोणी असे करताना दिसला तर त्याचा हात धरा, आणि त्याला भिंतीवर काय लिहिले आहे ते समजावून सांगा.