घरची सुट्टी आणि गावाचा भूगोल
(मोहगाव परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा पाठ)



सुट्टी म्हणजे प्रवास, हे समीकरण आता खेड्यापाड्यांतही रुजले आहे. उन्हाळा लागला की मुले मामाच्या गावी निघतात आणि दिवाळीला लेकी माहेरी येतात. २०२० साली मात्र करोनाच्या साथीने हा क्रम मोडला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि उन्हाळ्याची सुट्टी घरच्या उंबरठ्याआडच सरली.

ही घटना केवळ आरोग्याच्या इतिहासात जमा करून चालणार नाही. ती भूगोलाचाही विषय आहे. २०१९ साली देशांतर्गत पर्यटकांच्या भेटींची नोंद सुमारे २३२ कोटी होती. २०२० साली ती ६१ कोटींवर आली. माणसे थांबली, की त्यांच्याबरोबर फिरणारा पैसा, पाण्याची मागणी, वाहनांचा धूर आणि कचरा यांचीही जागा बदलते. हा बदल कोठे व किती झाला, हे शोधणे म्हणजेच या विषयाचा अभ्यास होय.

मोहगावच्या परिसरात या अभ्यासाला एक विशेष अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तरीही सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांसाठी येथील माणसाची वाट नागपूरकडे जात राहिली. नकाशावरील ती रेघ एरवी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. टाळेबंदीत मात्र तिच्यावर नाके उभे राहिले आणि ओलांडण्यासाठी परवाना लागू लागला. भूगोलात जवळच्या ठिकाणांचे संबंध दाट व दूरच्यांचे विरळ मानले जातात. त्या उन्हाळ्यात जवळ काय नि दूर काय, हे मैलांवर नव्हे, सीमेवर ठरले.

परिणाम सर्वांवर सारखे झाले नाहीत. आकाश निवळले, रस्ते शांत झाले, ही एक बाजू. जामसावळीसारख्या देवस्थानापुढे नारळ-फुले विकणारा, प्रवासी वाहन चालविणारा, रस्त्याकडेला चहा करणारा यांच्यासाठी तीच शांतता रिकाम्या चुलीची होती. बाहेरगावी कामाला गेलेली माणसे ज्या घरी परतली, तेथे खाणारी तोंडे वाढली. एप्रिल-मे हे विहिरी आटण्याचे दिवस. शहरात खर्च व्हायचे पाणी गावातून उपसावे लागले. म्हणजे घरी राहिल्याने भार नाहीसा होत नाही, त्याचे ठिकाण बदलते.

हा अभ्यास करण्यास मोठी साधने लागत नाहीत. शाळेने गावाचा नकाशा फळ्यावर काढावा. विद्यार्थ्यांनी प्रत्येक घरी तीन वर्षांची माहिती विचारावी : २०१९, २०२० आणि चालू वर्ष. सुट्टीत कोण कोठे गेले, कोण आले, पाणी कोठून भरले, किराणा कोठून आणला, कमाई किती दिवस बंद होती, एवढे प्रश्न पुरेत. उत्तरे बाणांनी नकाशावर दाखवावीत. आठवणीत चूक होऊ शकते, म्हणून दुकानदाराची वही, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि शाळेची पटनोंद यांच्याशी ती ताडून पाहावीत. घरातील आजार वा मृत्यू यांविषयी कोणास बोलते करण्याचा आग्रह धरू नये.

काढलेला नकाशा ग्रामसभेपुढे मांडला, तर त्याचे चीज होईल. कोणती विहीर प्रथम आटली, कोणत्या घरांची कमाई सर्वांत आधी थांबली, सीमेपलीकडील कोणत्या सोयीवाचून गावाचे अडले, हे त्यावरून कळेल. पुढे कधी असे संकट आलेच, तर टाकी कोठे भरावी, धान्य प्रथम कोणास द्यावे आणि सीमेवरील नाक्यावर कोणती वाट खुली ठेवण्यास सांगावे, हे ठरविण्यास त्या वेळी धावाधाव करावी लागणार नाही. साथ ओसरली आहे. लोकांच्या आठवणी मात्र अजून ताज्या आहेत. त्या पुसट होण्यापूर्वी कागदावर उतरविणे, हे शिक्षक, अधिकारी आणि ग्रामस्थ या तिघांचेही काम आहे.