घरातला बिनतारी डबा बंद पडला तर

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे, रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि घरातला इंटरनेटचा डबा नेमका याच वेळी मुका झाला आहे. असा प्रसंग पुण्याच्या पेठेत येतो तसा जुन्नर-मुळशीकडेही येतो. मग घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. कोणी डब्यावर थाप मारतो, कोणी वायर हलवून पाहतो, आणि कोणी तरी टाचणी घेऊन मागच्या बारीक भोकात खुपसतो. ही टाचणी सर्वांत घातक. तिच्याविषयी पुढे बोलूच.

या डब्याला राउटर म्हणतात. त्याला बिनतारी म्हणण्याची रीत आहे, पण ते पुरते खरे नव्हे. बाहेरून येणारी माहिती बहुधा तारेने, हल्ली पुष्कळ ठिकाणी केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने येते. डब्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंतची दहा-वीस पावले तेवढी बिनतारी. तेव्हा दुखणे तारेच्या बाजूचे की बिनतारी बाजूचे, एवढे आधी ठरवावे. निम्मे काम तिथेच होते.

घरातले दोन मोबाइल घ्या. पाहताना त्यांचा स्वतःचा डेटा बंद ठेवा, नाही तर ते गुपचूप त्यावर चालतात आणि आपण फसतो. एकावर चालते नि दुसऱ्यावर नाही, तर बहुधा रुसला आहे तो मोबाइलच. त्याचे वायफाय बंद करून पुन्हा लावा. दोन्हींवर वायफायचे नाव दिसते, जोडणीही होते, पण पुढे काही उघडत नाही, तर डबा जिवंत आहे आणि बाहेरून काही येत नसावे. रेडिओ गप्प झाला की जुनी मंडळी शेजारच्या घराकडे कान देत. तिथे वाजत असेल तर दोष आपल्या घरात! इथेही त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याला हाक मारावी.

नावच दिसत नसेल, तर आधी विजेकडे पाहा. डब्याला वीज देणारा छोटा ॲडॉप्टर तापून निकामी होतो. पिन बसली म्हणून भलताच ॲडॉप्टर लावू नका. व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपियरचा त्याहून कमी नको.

आता डब्यावरचे दिवे. काचेच्या तंतूवर चालणाऱ्या डब्यावर एल.ओ.एस. अशी तीन अक्षरे असतात. तिथे लाल दिवा लागला की तंतूतून प्रकाश पोचत नाही असे समजावे. पावसाळ्यात झाडाची फांदी कोसळते, रस्त्याची खोदाई होते, आणि तंतू तुटतो. कपाटामागे तो काटकोनात दुमडलेला नाही ना, एवढेच घरच्या माणसाने पाहावे. त्याच्या टोकाला डोळा मात्र लावू नये. आतला लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. कंपनीला फोन केलात तर ‘नेट चालत नाही’ म्हणू नका, ‘लाल दिवा लागला आहे’ म्हणा. ऐकणाराही जरा सावरून बसतो.

दिवे ठीक असून गाडे अडले असेल, तर वीज काढावी, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा लावावी. डबा हा एक छोटा संगणकच. त्याच्या कामाचा गुंता झाला की नव्याने सुरुवात केल्यावर पुष्कळदा सुटतो. मात्र त्याला उठायला चार-पाच मिनिटे द्या. दर मिनिटाला बटण दाबणारे गृहस्थ त्याला उठूच देत नाहीत.

आणि ती टाचणी! त्या भोकात काही सेकंद दाबून धरली की डबा सारे विसरतो. वायफायचा परवलीचा शब्द जातो, आणि काही जोडण्यांना कंपनीने दिलेले नाव व गुप्त शब्द लागतात, तेही पुसले जातात. पाच मिनिटांचे दुखणे मग दोन दिवसांचे होते. हे शब्द आजच वहीत उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवा.

डबा चालतो पण माजघरात पोचत नाही, ही तक्रार वेगळी. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. राउटरची नेहमीची लहर जेमतेम १२ सेंटिमीटर, आणि दुसरी, अधिक वेगवान, साधारण ६ सेंटिमीटर. वाड्याची जाड भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांपुढे ती थकते. मायक्रोवेव्हची भट्टीही पहिल्या लहरीजवळच्याच कंपनसंख्येवर चालते, म्हणून दूध तापताना मुलाचा वर्ग अडखळला तर नवल नाही. डबा घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवावा. कपाटात कुलपाखाली ठेवणारेही मी पाहिले आहेत.

राहिला तो अर्ज. दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, त्यावरून आधी अर्ज भरा आणि पोच उतरवून घ्या. डब्याची तपासणी सकाळी करता येईल.