फटफटीचा वाटाड्या



गेल्या आषाढातली गोष्ट. धायरीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळचा चहा चालला होता. एवढ्यात माझा भाचा नव्या मोटारसायकलवरून आला आणि हेल्मेट काढता काढताच म्हणाला, "मामा, रविवारी आम्ही चौघे रायगडाला निघालोय. वाट दाखवायला मोबाईलवर कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, तेवढं सांगा."

मी हसण्यावारी नेले असते. पण त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, तिथेच बसली होती. ती म्हणाली, "तू कॉलेजात भूगोल शिकवतोस ना? मग नीट बघून सांग. पावसाचे दिवस आहेत. तुझ्या शब्दावर मी त्याला सोडतेय." झाले! आता नुसते नाव सांगून सुटका नव्हती.

खरे सांगायचे तर या बाबतीत माझे स्वतःचे हात पोळलेले आहेत. काही वर्षांपूर्वी वेल्ह्याहून परतताना, दिवेलागणीच्या वेळी, असल्याच एका कार्यक्रमाने मला डांबरी रस्ता सोडायला लावला. 'पुढे उजवीकडे वळा' असे तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता. मी वळलो. फर्लांगभर गेल्यावर डांबर संपले, मग खडी संपली आणि शेवटी एका गोठ्यापुढे वाटही संपली. गोठ्यातून एक आजीबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. "तुमाला बी त्या फोननंच आनलं का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी पहिला नव्हतो हे कळले. फटफटी वळवायला त्यांच्या नातवाची मदत घ्यावी लागली.

असे का होते? यंत्राला रस्ता 'दिसत' नाही, म्हणून. या विद्येचा पाया एडस्खर डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने घातला. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कसा काढावा, हे कोडे त्याने 1956 साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॉफीगृहात बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सोडवले आणि 1959 साली ते प्रसिद्ध केले. त्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. रस्त्यांच्या जाळ्याचे चौकाचौकापर्यंत तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि ज्या वाटेवर आकड्यांची बेरीज सर्वांत कमी येईल ती वाट निवडायची. आजचे कार्यक्रम या युक्तीच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर चालतात. मग सगळी मेख त्या आकड्यात आली. तो आकडा अंतराचा आहे, वेळेचा आहे की आणखी कशाचा? आणि तो चारचाकीसाठी काढलेला आहे की दुचाकीसाठी? मुंबईला निघालेल्या दुचाकीस्वाराला यंत्राने द्रुतगती मार्ग दाखवला, तर ती वाट जवळची असूनही त्याच्या उपयोगाची नाही. तिथे दुचाकीला बंदी आहे. गूगलने आपल्या नकाशात दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर 2017 मध्ये आणला, तो सर्वांत आधी भारतात. कितीतरी लोकांच्या मोबाईलवर तो आहे, पण मोटारीचे चित्र बदलून दुचाकीचे करायचे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

भाच्याला मी म्हटले, "अरे, नोकर ठेवताना आपण काय करतो? त्याला आपल्या माहितीतलं काम आधी सांगून बघतो. तसंच करू." धायरी ते वेल्हे ही वाट मला पाठ आहे. मोबाईलवर तीन निरनिराळे कार्यक्रम उघडून आम्ही तिघांनाही तीच वाट विचारली.

एकाने हमरस्ता सांगितला: कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, चेलाडी फाटा, नसरापूर, मग वेल्हे. बरोबर आहे, वेळ वाचवणाऱ्याची वाट हीच. दुसऱ्याने खडकवासला, खानापूर करीत पाबे घाटातून नेले. हीदेखील खरीच वाट. वळणांची, उताराची, आणि पावसाळ्यात डोळ्यांचे पारणे फेडणारी. खास मोटारसायकलवाल्यांसाठी केलेले काही कार्यक्रम असतात. जर्मनीतला 'कुर्विगर' त्यांपैकी एक. ते मुद्दाम वळणाचे रस्ते शोधतात. तिथे वळण जास्त म्हणजे आकडा कमी! हौशी स्वाराला ही चैन हवीच असते. मात्र आपल्याकडचा वळणाचा रस्ता डांबरी आहे की दगडगोट्यांचा, हे नकाशात कोणीतरी नोंदलेले असले तरच यंत्राला कळणार. तिसऱ्या कार्यक्रमाने जी रेघ आखली, ती पाहून मला त्या आजीबाईंचा कंदील आठवला. तो आम्ही तिथेच रद्द केला.

नाव टाकतानाही एक गंमत झाली. भाच्याने नुसते 'खानापूर' लिहिले आणि पडद्यावर थेट बेळगाव जिल्हा आला! खानापूर पानशेतच्या वाटेवर आहे, सांगली जिल्ह्यात आहे आणि बेळगावकडेही आहे. तेव्हा गावाबरोबर तालुका लिहावा हे बरे.

दुसरी परीक्षा मोबाईल 'विमानात' टाकून, म्हणजे त्याचे जाळे बंद करून. घाटात नेटवर्क जाते, हे काय मी सांगायला हवे? गूगलचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. पण जाळ्याबाहेर गेल्यावर गर्दीची खबर आणि पर्यायी रस्ते तो देत नाही. 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा एक खुला नकाशा आहे. 2004 साली इंग्लंडात तो सुरू झाला आणि जगभरचे स्वयंसेवक तो भरत असतात. 'ऑसमअँड' आणि 'ऑरगॅनिक मॅप्स' हे दोन कार्यक्रम त्याच्यावर चालतात. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की त्यांना इंटरनेट लागत नाही. ऑसमअँडमध्ये मोटारसायकलचा वेगळा पर्याय आहे आणि 'कच्चा रस्ता टाळ' असेही सांगता येते. घाटासाठी मी त्याच्याच बाजूने कौल दिला. त्याची मांडणी किचकट आहे, पहिल्या दिवशी डोके उठते, हे कबूल. पण भर पावसात वरंध्याच्या वळणावर शिकण्यापेक्षा ओट्यावर डोके उठलेले चांगले.

घरी मोठ्या पडद्यावर आखलेली वाट मोबाईलवर नेण्यासाठी जीपीएक्स नावाची फाईल वापरतात. तिच्यात एक खोच आहे. वाटेतले चारच ठिपके नेले, तर दुसरा कार्यक्रम त्या ठिपक्यांमधली वाट आपल्या बुद्धीने नव्याने काढतो आणि तुमचा घाट बाजूलाच राहतो. म्हणून ठिपके थोडे जास्त आणि नेमके रस्त्यावर द्यावेत. आम्ही भोरचा ठिपका दिला, तो चुकून एका बोळात पडला. लगेच यंत्राने चौघांना बोळात नेऊन परत आणण्याचा बेत केला!

आता मुख्य गोष्ट. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी पाण्यात गेली. मोबाईलवरचा नकाशा पुलावरून वाट दाखवत होता, आणि पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले. गाडी चालवणारा बुडाला. नकाशात पूल होता, हे काही खोटे नव्हते. त्या रात्री त्याच्यावर पाणी होते, एवढेच यंत्राला ठाऊक नव्हते. गावातल्या कोणालाही ते ठाऊक असते.

ही हकिगत मी सांगितली तेव्हा भाचा गप्प झाला. बहीण उठून आत गेली. मला वाटले, आता जाणे रद्द. पण ती पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "मग गावातल्या कोणाला तरी विचार की!"

तेच राहिले होते. कापूरहोळ, भोर, वरंधा घाट आणि महाड अशी वाट आम्ही हौसेने आखली होती; पडद्यावर ती निळीशार, निर्वेध दिसत होती. भोरला माझा एक जुना विद्यार्थी असतो, त्याला शनिवारी फोन लावला. "सर, घाट बंद आहे. दरडीच्या भीतीनं अडथळे लावलेत," तो म्हणाला. वरंधा पावसाळ्यात असा अनेकदा बंद ठेवतात. मलाच आठवायला हवे होते. बेत बदलला. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. ठिपके पुन्हा दिले, फाईल चौघांच्याही मोबाईलवर घातली. शिवाय गावांची नावे ओळीने कागदावर लिहून ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीवर चिकटवली. मोबाईल हँडलला अडकवायला मी मनाई केली. मोटारसायकलच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपल कंपनीनेच 2021 साली जाहीर केले आहे. आणि पडद्यावर पावसाचे थेंब पडले की तो भलतीच बटणे दाबतो. तेव्हा मोबाईल खिशात आणि आवाज कानात.

पहाटे साडेपाचला चौघे धायरी फाट्यावर जमले. बहिणीने डबे दिले. मीही छत्री घेऊन उभा होतो.

रात्री नवाच्या सुमारास भाचा परत आला. चिखलाने माखलेला, पण धडधाकट. मी विचारले, "काय, सॉफ्टवेअर चाललं का?"

"माणगावपर्यंत छान चाललं, मामा. मग मोबाईलची बॅटरी गेली."

"आणि चिठ्ठी?"

"तिच्यात पाणी शिरलं होतं, सगळी शाई पसरली. पण शनिवारी दोनदा ठिपके द्यायला लावलेत ना तुम्ही. येताना नावं म्हणतच आलो. निजामपूर, ताम्हिणी, मुळशी, पौड…"

बहिणीने त्याच्यापुढे पाट मांडला.