रॉकर कोणता बसवावा: ॲल्युमिनियमचा की पोलादी?



एका श्रोत्याचा प्रश्न असा आहे : "ऊस पाण्याला आलाय आणि डिझेल इंजिनाचे रॉकर झिजलेत. मुलगा म्हणतो, शर्यतीच्या मोटारींना ॲल्युमिनियमचे हलके रॉकर असतात, आपणही तसेच वर्कशॉपमधून करून घेऊ. करावेत का?"

आमचे उत्तर : करू नका. का, ते समजून घ्या.

रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी छोटी तरफ. एका टोकाला पुशरॉड उचलतो, दुसरे टोक व्हॉल्व्ह उघडते. सारख्याच आकाराचा तुकडा घेतला तर ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश भरते. पण ताठपणाही एक-तृतीयांशच, म्हणून रॉकर जाड करावा लागतो आणि वाचलेले काही वजन परत येते.

आता हलकेपणाचा फायदा कुठे होतो? वेगात. शर्यतीचे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे मारते, आपले दीड हजार. वेग पाचपट झाला की हलत्या भागाचा झटका पंचवीसपट होतो. तिथे एकेक ग्रॅम मोलाचा असतो. आपल्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही, आणि डिझेलही वाचत नाही.

आपल्या इंजिनाला हवा टिकाऊपणा. दीड हजार फेऱ्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक रॉकर मिनिटाला 750 वेळा, म्हणजे आठ तासांच्या पाळीत 3,60,000 वेळा हलतो. ठरावीक मर्यादेच्या आतला ताण पोलाद कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला तशी पक्की मर्यादा नाही. ते हळूहळू थकते, बारीक चीर पडते आणि एक दिवस मोडते. शर्यतवाले वेळोवेळी भाग तपासून बदलतात. आपले इंजिन मात्र भर उन्हाळ्यात बंद पडेल. पुशरॉड वाकला तर तो खर्च वेगळाच.

तेव्हा कंपनीने दिला त्याच धातूचा, त्याच मॉडेलचा रॉकर घ्या. जुना नमुना सोबत न्या आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळवून पाहा. ती बदलली तर व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडेल.

बसवण्यापूर्वी मात्र जुना का झिजला, ते शोधा, नाहीतर नवाही तसाच जाईल. पुढील गोष्टी पाहा :

1. तेल रॉकरपर्यंत पोचते का? तेलाचे भोक बारीक तारेने साफ करा. तेल वेळेवर बदला.

2. रॉकर हाताने वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बुश व शाफ्ट तपासा.

3. व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकाला खळगा पडला आहे का? खळगा असला की फिलर गेजची सपाट पट्टी त्यावरून नुसती सरकते. माप बरोबर दिसते, पण फट जास्तच राहते आणि टकटक थांबत नाही. असा रॉकर बदलाच.

4. टॅपेटची फट इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ती थंड इंजिनावर मोजायची की गरम, तेही तिथेच पाहा. मोजताना दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. नवा रॉकर बसवल्यावर काही तासांनी फट पुन्हा तपासा.

बंधूंनो, शर्यत काही मिनिटांची असते. आपल्याला पाण्याची पाळी पुरी करायची आहे. पाळी सुरू होण्याआधीच एकदा झाकण उघडून पाहा.