वारं गेलं, पण कशामुळे?

अंगावरून वारं गेलं की साडेचार तासांच्या आत इस्पितळ गाठायचं, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. माझं मागणं त्यापुढचं आहे. रुग्ण घरी येतो, हात हलू लागतो, गोळ्या सुरू होतात. पण वारं गेलं कशामुळे, हे घरात कुणी विचारतच नाही. ते विचारा.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाटाचं पाणी अडलं तर तो नुसता गाळ उपसून परतत नाही. गाळ वरच्या तळ्यातून आला, वाटेत पाटाची कड ढासळली, की शेवटचा बारीक दांडच बुजला, हे बघतो. मेंदूचंही तसंच. गुठळी कधी हृदयातून येते, कधी मानेतल्या रोहिणीत साठलेल्या चरबीवर धरते, तर कधी रक्तदाबानं आणि मधुमेहानं मेंदूतली बारीक वाहिनीच बुजते. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होत असेल, तर ॲस्पिरिन पुरत नाही. रक्त गोठू न देणारी गोळी लागते. आणि पाट फुटलाच असेल, म्हणजे रक्तस्राव असेल, तर तीच गोळी घात करते. म्हणून म्हणतो, कारण विचारा.

पाणी ओंजळीत घेऊन पाहावं तसं आता रक्त पाहता येतं. हृदयावर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी नावाचं द्रव्य रक्तात वाढतं. धाप लागलेल्या रुग्णाची हीच तपासणी करतात. ते बरंच वाढलेलं असेल तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे त्या अनियमित ठोक्यांचा, संशय घ्यावा. हे ठोके येतात-जातात, एका ईसीजीत सापडतीलच असं नाही. गुठळी विरघळताना रक्तात उतरणारं डी-डायमर फारच वाढलं असेल तर लपलेल्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो. मेंदूतल्या रक्तस्रावात जीएफएपी हे मेंदूच्या पेशींतलं प्रथिन रक्तात पहिल्या काही तासांतच वाढतं, तरी सीटी स्कॅन टळत नाही.

मात्र पाण्यात तळ्यातलं शेवाळ दिसलं, एवढ्यावरून गाळ तळ्यातलाच ठरत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या अर्काडिया चाचणीत कारण न सापडलेले 1015 रुग्ण घेतले होते. हृदयाचा डावा वरचा कप्पा बिघडल्याची खूण रक्तात, ईसीजीत किंवा इकोत दिसली, असेच ते रुग्ण. निम्म्यांना ॲपिक्साबॅन दिलं, निम्म्यांना ॲस्पिरिन. 2024 साली निकाल छापून आला: पुन्हा झटका येण्याचं प्रमाण दोन्हीकडे वर्षाला 4.4 टक्के, म्हणजे सारखंच. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट पाहून रक्त पातळ करणारी गोळी कुणी आपल्या मनानं सुरू करू नये. कृपा करून करू नये! रिपोर्ट शोध कुठे घ्यायचा ते सांगतो, शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

वाढत्या वयात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हे आकडे कसे फसवतात, ते सांगायचं होतं. पण वेळ संपत आला. इस्पितळातून निघताना डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलंय का पाहा. नसेल तर डॉक्टरांना तिथंच विचारा: मानेचं डॉपलर झालं का, इको झाला का, ठोके नोंदवणारा होल्टर किती दिवस लावायचा?