वैयावृत्त्य, श्रमदान आणि परदेशातून आलेले हात

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयास घेतला की देणगीदारांची नावे चटकन सापडतात; ती फलकावर कोरलेली असतात. पर्युषणात पाण्याचे हंडे कोणी वाहिले, आयंबिलच्या पंगती कोणी वाढल्या, २६ जुलै २००५ च्या जलप्रलयात अडकलेल्या प्रवाशांना चहा-खाखरे कोणी नेऊन दिले, यांची नावे मात्र म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतच राहतात. रकमेची पावती फाडता येते, अंगमेहनतीची फाडता येत नाही, हे त्याचे सरळ कारण. आजचा विषय त्या पावती नसलेल्या सेवेचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी पूर्वी २००१ हे वर्ष स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले होते आणि आता २०२६ हे वर्षही स्वयंसेवेला वाहिले आहे. त्या निमित्ताने एका जुन्या चळवळीची आणि तिच्या महाराष्ट्राशी आलेल्या संबंधाची ओळख करून घेणे उचित ठरेल.

या चळवळीचा प्रवर्तक पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडमधील लोझान गावचा. जन्म १८७९ चा, व्यवसायाने अभियंता. त्याचे वडील १८७३ मध्ये स्विस संघराज्याचे अध्यक्ष होते. म्हणजे घर खानदानी, पैसाअडका भरपूर. वडिलोपार्जित वाट्याची रक्कम त्याने सरकारला देऊन टाकली आणि लष्करासाठीचा कर भरण्यास नकार दिल्याबद्दल तुरुंगवासही पत्करला. अपरिग्रह हा शब्द त्याच्या कानावर त्या वेळी पडला असण्याचा संभव नाही. आचरण मात्र त्याच जातीचे होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नोव्हेंबरात, तो मूठभर तरुणांना घेऊन फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त गावी गेला. त्या तरुणांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव जमीनदोस्त केले त्यांच्याच देशाची मुले तेथे ढिगारे उपसू लागली आणि तात्पुरत्या झोपड्या उभारू लागली. अखेर जर्मन तरुण तेथे नकोत, अशी भूमिका स्थानिक मंडळींनी घेतली आणि काही महिन्यांतच काम थांबले. व्यवहाराच्या मापाने पाहिले तर हा पहिला प्रयोग फसला असेच म्हणावे लागेल. तथापि, त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही आंतरराष्ट्रीय श्रमसेवेची संघटना जन्माला आली. पुढे १९२८ मध्ये ऱ्हाइन नदीच्या पुरानंतर लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात गाळ उपसण्यासाठी सातशेहून अधिक स्वयंसेवक गोळा झाले.

जोगेश्वरीकरांना एन गावची ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणारी माणसे एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकेनाशी झाली होती, हे येथील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कोणी कोणाचा ढिगारा उपसावयाचा, हा प्रश्न जगात सर्वत्र सारखाच अवघड आहे.

सेरेसोलचा भारताशी संबंध महात्मा गांधींमुळे आला. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी रोमां रोलां यांच्या भेटीसाठी स्वित्झर्लंडला गेले होते. त्या मुक्कामात दोघांची गाठ पडली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल त्याच वर्षी येथे येऊन दाखल झाला. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी सहकार्य करीत त्याने आणि त्याच्या दोन-चार युरोपीय सोबत्यांनी मुझफ्फरपूर भागात पुराच्या टापूतील खेडी उंच जागी वसविण्याचे काम १९३७ पर्यंत केले. त्यांतील एका नव्या गावाला शांतिपूर असे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर हीच संघटना फाळणीच्या निर्वासितांसाठी फरिदाबादला आली आणि तेथून देशाच्या इतर भागांत पसरली.

या साखळीतील सर्वांत मोलाचा दुवा मात्र वरोऱ्याचा होय. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीतर्फे आनंदवन उभारले; २१ जून १९५१ रोजी विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये हे आरंभीचे भांडवल सर्वश्रुत आहे. खडकाळ माळावर विहीर खोदून रुग्णांनी भाजीपाला पिकविला, परंतु तो विकत घेण्यास वरोऱ्यात कोणी तयार होईना. वास्तविक कुष्ठरोग सहजासहजी लागणारा रोग नव्हे, आणि त्यावर औषधही तोवर उपलब्ध झाले होते. परंतु ग्राहकाच्या मनात बसलेली भीती औषधाने जात नाही. माल उत्तम, भाव रास्त, तरी गिऱ्हाईक पाठ फिरवते, या दुःखाची कल्पना बाजारात बसणाऱ्या माणसाला करून द्यावयास नको.

पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी दवाखान्याच्या बांधकामाला हात लावला, विटा-दगड वाहिले, रुग्णांच्या पंगतीला बसून रुग्णांनी रांधलेले अन्न खाल्ले. गोरी मुले-मुली महारोग्यांबरोबर राहतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, ही बातमी वरोऱ्यात पसरली. प्रथम लोक कुतूहलाने पाहावयास आले. मग येणे-जाणे सुरू झाले. मग आनंदवनाची भाजी विकली जाऊ लागली. त्या तरुणांनी बांधलेल्या भिंती गवंड्यांनीही बांधल्या असत्या, कदाचित अधिक सफाईने बांधल्या असत्या. त्यांच्या एका पंगतीने जे साधले ते मात्र गवंड्याच्या हातचे नव्हते. गावातील माणसाने तेच केले असते तर त्याला वेडा ठरविले असते, हीही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परक्याचे परकेपण येथे उपयोगी पडले.

बाबांनी हा धडा पुढे आपल्या देशातील तरुणांसाठी वापरला. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. दरवर्षी मे महिन्यात, विदर्भाच्या भर उन्हाळ्यात, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शहरी मुले तेथे येऊन पहाटे कुदळ-फावडे चालवीत, दुपारी चर्चा-व्याख्याने ऐकत आणि रात्री गाणी म्हणत. बाबांच्या कार्यात पुढे आयुष्य वाहिलेले अनेक कार्यकर्ते या छावणीत प्रथम आले ते केवळ सुट्टीतील पाहुणे म्हणून.

पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रज्ञ अशा शिकण्याला अनौपचारिक शिक्षण म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप कूम्ब्स याने ही संज्ञा रूढ केली. शाळेच्या चौकटीबाहेर, परीक्षा आणि पदवी यांच्यावाचून, परंतु हेतुपूर्वक दिलेले व घेतलेले शिक्षण, असा तिचा अर्थ. ही संज्ञा नवी असली तरी गोष्ट जैन समाजाला अपरिचित नाही. रविवारची पाठशाळा याहून निराळी काय आहे? मुळजी जेठा मार्केटमध्ये मुनीमजींच्या हाताखाली बसून कापडाचा पोत अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ओळखावयास शिकलेल्या मुलांनीही कोणत्या विद्यापीठाची पदवी घेतली होती? युरोपात १९९६ मध्ये तरुणांसाठी परदेशी स्वेच्छासेवेची सरकारी योजना आली. २००७ पासून सहभागी तरुणाला ‘यूथपास’ नावाचे प्रमाणपत्र मिळू लागले. आपण काय शिकलो हे त्यात त्या तरुणाने स्वतःच लिहावयाचे असते. ही कल्पना आपल्या पाठशाळांनी उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत दोनशे चाळीस तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर असा तिचा आराखडा. योजना उत्तम आहे. परंतु मुंबई विद्यापीठात तिच्यापोटी दहा सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून तास भरण्याकडे आणि वहीवर सही घेण्याकडे पुष्कळांचा ओढा असतो, हे कोणताही प्राध्यापक खाजगीत सांगेल. परदेशातही असाच बिघाड झाला, आणि तो अधिक गंभीर आहे. दोन आठवड्यांची सहल आणि सेवा यांचे एकत्र पॅकेज विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. नेपाळ, कंबोडिया यांसारख्या देशांत अशा पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुले अनाथाश्रमांत ठेवली जाऊ लागली. इतकी की ऑस्ट्रेलियाच्या संसदेत २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या वेळी या प्रकाराची चर्चा झाली. म्हणून कोणी परदेशी संस्था शुल्क घेऊन सेवेचे निमंत्रण देऊ लागली तर पालकांनी एवढेच विचारावे की काम कोणी ठरविले? गावाने, की कंपनीने?

आता जैन तरुणांपुरत्या दोन अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि त्यांची थट्टा करून चालणार नाही.

पहिली अडचण तात्त्विक. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वैयावृत्त्याचे स्थान तिसरे, स्वाध्यायाच्याही आधीचे. तथापि शास्त्रात हे वैयावृत्त्य आचार्य, तपस्वी, ग्लान, साधू अशा दहा पात्रांच्या सेवेपुरते सांगितले आहे. ते सर्वसामान्य पीडितांपर्यंत नेता येते काय, याविषयी एकमत नाही. दुसरे असे की, जमीन खोदण्यात पृथ्वीकायिक जीवांची विराधना होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत खोदकामाचा व्यवसाय येतो. मग श्रमदानाच्या कुदळीचे काय? या प्रश्नाला कृतीने उत्तर देणाऱ्यांत आचार्य चंदनाजींचे नाव अग्रभागी आहे. महाराष्ट्रात जन्मलेल्या या साध्वींनी अमरमुनींच्या प्रेरणेने १९७३ मध्ये राजगृही येथे वीरायतन उभारले. बिहारमधील हजारो गरिबांच्या डोळ्यांवर तेथे उपचार झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. साध्वीने इस्पितळ चालवावे काय, यावर त्यांच्या हयातीत पुष्कळ वाद झाले. रुग्ण मात्र येतच राहिले. ज्यांना कुदळ वर्ज्य वाटते त्यांनी ती घेऊ नये. रुग्णाजवळ बसणे, दृष्टिहीनांना वाचून दाखविणे, मुलांना गणित शिकविणे यांत कोणतेही कर्मादान नाही.

महाराष्ट्रातील जैन समाजाने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखविले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे संकुल त्यातूनच उभे राहिले. ती मुले जैन नव्हती. पैसा पुष्कळांनी दिला असेल, परंतु रात्री दचकून उठणाऱ्या मुलाशेजारी धनादेश बसू शकत नाही. तेथे माणूस बसावा लागतो.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातील. मुलगा शिबिराला निघाला की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘जेवणाचे काय?’ कांदा-बटाटा नाही, कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही. आणि शिबिरात कोण काय रांधील याचा भरवसा नाही. या भीतीपोटी कित्येक हुशार मुले-मुली जोगेश्वरी-अंधेरीच्या बाहेर न जाताच मोठी होतात, आणि पुढे थेट उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. तेथे कोणीच विचारीत नाही. वास्तविक आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांत स्वयंपाकाची पाळी सर्वांवर येते. प्रवासखर्च स्वयंसेवकाचा, निवास-भोजन यजमानाचे आणि चूल सर्वांची, अशी तेथील साधारण पद्धत. आपल्या पाळीच्या दिवशी मुगाची डाळ आणि भात रांधून पंधरा जणांना वाढणारा जैन मुलगा आहारनियमांविषयी व्याख्यान न देताही पुष्कळ सांगून जाईल. मात्र त्यासाठी त्याला डाळ शिजविता आली पाहिजे. ही तयारी घरच्या घरी, मुलगी-मुलगा असा भेद न करता, व्हावी.

परदेशाची वाट धरण्यापूर्वी जवळची वाट पाहणे शहाणपणाचे. जोगेश्वरी पूर्वेला महापालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय २०१३ पासून आहे. नातेवाइकाचा केसपेपर हातात घेऊन कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे हे न कळणारी माणसे कोणत्याही सरकारी इस्पितळाप्रमाणे तेथेही दिसतील. मेघवाडी, मजासवाडीच्या वस्त्यांत दहावीच्या गणिताला घाबरणारी मुले आहेत, आणि या सभागृहात वाणिज्य शाखेचे पदवीधर काही कमी नाहीत. रुग्णालयात जावयाचे तर तेथील प्रशासनाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी. वस्तीत जावयाचे तर तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळीच जावे. छायाचित्रे काढू नयेत. युवक मंडळाने पाठशाळेनंतरचे दोन तास महिन्यातून दोन रविवार दिले, आणि ते वर्षभर न चुकता दिले, तरी आरंभ होईल. दहा जणांनी एकदा जाण्यापेक्षा तिघांनी चोवीस वेळा जावे.

ज्या युवक-युवतींना सोमनाथची छावणी पाहावयाची असेल त्यांनी आनंदवनच्या महारोगी सेवा समितीकडे त्या वर्षीच्या तारखांची चौकशी उन्हाळ्यापूर्वीच करावी. सुती कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असावी. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळच्या भोजनाच्या वेळेविषयी आयोजकांशी आधी बोलून घ्यावे आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या दिवसांत तिकडचा सूर्यास्त मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी होतो, म्हणून येथील पंचांगातली वेळ धरून चालू नये.