बाबांची पटाशी आणि गॅरेजातली भट्टी

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. ते तुम्ही रोज ऐकताच. मी गॅरेजात बांधलेल्या एका भट्टीबद्दल बोलणार आहे, कारण तिचा संबंध पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या टेक्निकलच्या सरांशी आहे.

माझे बाबा सुतार होते. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरची दारं त्यांनीच बसवली. ते गेल्यावर त्यांची हत्यारं माझ्याकडे आली. त्यातल्या एका पटाशीला धार लावायला म्हणून मी ती ग्राइंडरवर धरली आणि बघता बघता टोक निळं पडलं. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे ते साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं; पाणी उतरलं, धार आता टिकायची नाही. बाबांनी ४० वर्षं जपलेली वस्तू मी दहा सेकंदांत घालवली. पंधरा दिवस आईला सांगितलं नाही.

पुन्हा पाणी द्यायचं तर ती ८०० अंशांच्या आसपास सारखी तापायला हवी. लोहाराकडे नेता आली असती. पण चूक माझी, म्हणून भट्टीच बांधायची असं ठरवलं. (नवरा या तर्कावर अजून हसतो.) पांढऱ्या, हलक्या उष्णतारोधक विटा आणल्या, त्या साध्या करवतीनेही कापता येतात. खाचा कोरून आत कांथलची तार बसवली. २३० व्होल्टवर अडीच किलोवॉट हवे तर रोध २१ ओहम लागतो, आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या तारेत तो साडेसोळा मीटरला मिळतो. शाळेतलाच ओहमचा नियम, दुसरं काही नाही. दार उघडताच वीज तुटेल असा स्विच मात्र आधी लावला. आत उघडी तार आणि आपल्या हातात लोखंडी सांडशी!

पहिल्या दिवशी पटाशी नाही, ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा ठेवला. आकडा लावला ८३०. डिस्प्ले ५८५ दाखवत असताना दार किलकिलं केलं आणि आतला रंग बघून थबकले. नववीत ‘मुलींना टेक्निकल कशाला?’ असं म्हणणाऱ्यांना न जुमानता सरांनी मला भात्याजवळ उभं केलं होतं. म्हणाले होते, “डाळिंबाचा दाणा दिसला की चुंबक लावून बघ.” पोलाद ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबक चिकटत नाही. मी तुकडा बाहेर काढून चुंबक लावला. चिकटला नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यामुळे असेल, मी आधी चुंबकावरच संशय घेतला आणि तो कपाटाला लावून आले. कपाटाला घट्ट चिकटला.

मग कंट्रोलरचा मेनू उघडला. तापमापक ‘के’ जातीचा आणि सेटिंग ‘जे’ जातीचं. डिस्प्लेवर ८३० येईपर्यंत भट्टी साडेअकराशेच्या घरात गेली असती. तेवढ्या उष्णतेत पोलादाचा कण वाढतो आणि ते ठिसूळ होतं. आत बाबांची पटाशी असती तर?

सेटिंग बदललं. शिवाय दुसरा, वेगळा तापमापक लावून मर्यादेपुढे वीजच तोडणारा कॉन्टॅक्टर बसवला. चार तुकडे वाया घालवले आणि पाचव्या दिवशी पटाशी आत गेली. ८०० अंशांवर दहा मिनिटं, मग शेंगदाण्याच्या कोमट तेलात. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “भजी करते आहेस का गं?” कानस फिरवली, तर काचेवरून घसरावी तशी घसरली. ठिसूळपणा जायला लगेच २०० अंशांवर दोन तास ठेवली. टोकाला फिकट गवती पिवळा रंग आला. धार या वेळी दगडावर, पाणी घालून लावली.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ग्राइंडरचा आवाज मी त्या दिवशीच ऐकला होता.”

सर, पटाशी आज माझ्या पिशवीत आहे. कानसही आणली आहे. जेवणाआधी एकदा फिरवून बघाल?